मावशीची ओळ

छावणीत ‘मावशी आला’ असं म्हणताना कोणाचीच जीभ अडखळत नसे. नव्या शिपायाला सुरुवातीला ते चमत्कारिक वाटे, पण आठवडा जात नाही तोच तोही म्हणू लागे, ‘मावशी कुठे गेला?’, ‘मावशीला विचार’, ‘मावशी आज रागावलाय, त्याच्या वाटेला जाऊ नका.’ नाव बाईचं आणि क्रियापद पुरुषाचं. माणूस मात्र दाराएवढा उंच, रुंद खांद्यांचा, मिशा राखलेला. हे नाव त्याला मिळालं ते त्याच्या तोंडामुळे. कोणी न खाता पहाऱ्यावर निघाला की हा वाटेत आडवा उभा. “रिकाम्या पोटी कुठे निघालास? तिथे तुझ्यासाठी ताट वाढून ठेवलंय का?” कोणी ओले मोजे घालून तसाच आडवा झाला की हा स्वतः ते ओढून काढी, चुलीजवळ वाळत घाली आणि वर ऐकवी, “पाय गेले की माणूस बसला. मग घरी तुला कोण सांभाळणार, तुझी बायको की मी?” एकदा एक शिपाई वैतागून म्हणाला, “तू काय माझी मावशी लागतोस?” त्या दिवसापासून तो सगळ्यांचीच मावशी लागू लागला.

वेढा लांबला होता. नेमका किती लांबला हे कोणी उच्चारत नसे, कारण जो उच्चारी त्याचंच मन आधी खट्टू होई. टेकडीवर शहर, शहराभोवती तट, आणि खाली सपाटीवर ही छावणी. आले तेव्हा सगळ्यांना वाटलं होतं, शेतं कापणीला यायच्या आत आपण घरी. शेतं कापली गेली, नांगरली गेली, पुन्हा हिरवी झाली, आणि तट होता तिथेच होता. मग हळूहळू छावणीचंच गाव झालं. राहुट्यांमधल्या वाटांना नावं पडली. एक न्हाव्याची गल्ली, एक चिखलचौक, आणि तोफांच्या मागची ती बहिऱ्यांची आळी. लोकांनी राहुट्यांमागे कांदे लावले आणि बांधावरून रीतसर भांडणं केली. तोफखान्याच्या एका रिकाम्या पिंपात मांजर व्याली, तेव्हा तिची पिल्लं बघायला रांग लागली. सकाळी चहाच्या सुमारास तटावरून एक-दोन गोळे येत, इकडच्या तोफा त्यांना उत्तर देत, आणि मग दोन्हीकडची माणसं आपापल्या कामाला लागत. कपडे धुवायचे, बंदूक पुसायची, टाके घालायचे, उवा मारायच्या, न्हाव्याकडे बसून दुसऱ्यांविषयी बोलायचं.

एकाच जागेची कोणी थट्टा करत नसे. ती म्हणजे पुढचा चर. तटापासून हाकेच्या अंतरावर खणलेला, माणूसभर खोल, तळाशी कायम घोटाभर पाणी. मान वर काढली की गोळी. तिथली तुकडी अधूनमधून बदलायची असते, पण बदली द्यायला माणसं उरली नव्हती. जी तिथे गेली होती ती तिथेच होती. मावशीचा धाकटा भाऊ त्यांच्यात होता.

मावशी सैन्यात आला तोच मुळी या धाकट्यापायी. आई लवकर गेली. वडील बोटीवर कामाला. वर्षा-दीड वर्षाने उगवत, पोरांच्या उंचीकडे बघून चकित होत आणि परत जात. धाकट्याला न्हाऊ घालणं, भरवणं, तापात त्याच्या उशाशी बसणं हे सगळं थोरल्याने केलं, तेही स्वतःला मिसरूड फुटायच्या आत. पुढे त्याने हमरस्त्यावरच्या एका मुसाफिरखान्यात खोल्या आवरायची नोकरी धरली. पाहुणा निघून गेला की हा खोलीत शिरे. फणीत अडकलेले केस काढ, चादरीवरचा चुरा झटक, मेजावर उमटलेलं पेल्याचं वर्तुळ घासून काढ, भिंतीला डोकं टेकल्याचा तेलकट डाग पूस. पुढच्या पाहुण्याला वाटलं पाहिजे की आपल्याआधी या खोलीत कोणी राहिलंच नव्हतं, असं मालकाचं म्हणणं. या कामात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता.

एक दिवस धाकटा न सांगता न सवरता गणवेश घालूनच घरी आला. थोरल्याने आकाशपाताळ एक केलं, दोन वेळा जेवला नाही, आणि मग मुकाट्याने भरतीच्या रांगेत जाऊन उभा राहिला. “तुम्हाला कशाला यायचंय?” असं तिथल्या कारकुनाने विचारलं तेव्हा हा म्हणाला, “त्याचे मोजे कोण वाळत घालणार?” कारकुनाला वाटलं हा धोब्याची जागा मागतोय.

पण नशिबाने बरोबर उलटा डाव टाकला. धाकटा पुढच्या चरात गेला आणि थोरला मागे राहिला. मागे राहिला तो त्या ओळीमुळे.

ओढ्यापलीकडे, छावणीच्या अगदी डाव्या टोकाला राहुट्यांची एक लांब ओळ होती. तिथली काही माणसं तापाने गेली, उरलेली दुसऱ्या मोहिमेवर पाठवली गेली. ओळ ओस पडली. तटावरच्यांना हे कळलं असतं तर त्याच बाजूने त्यांनी धान्याच्या गाड्या आत नेल्या असत्या आणि वेढ्यात काही राम उरला नसता. तेव्हाच्या साहेबांनी मावशीला बोलावून घेतलं.

“तू खोल्या आवरायचास ना?”

“होय साहेब.”

“माणसं राहून गेल्याच्या खुणा पुसायचास.”

“होय साहेब.”

“मग आता उलटं कर.”

एवढंच. आणि मावशीने उलटं केलं. ज्या खुणा पुसण्यात उमेदीची वर्षं गेली त्या सगळ्या त्याला तोंडपाठ होत्या. पहाटे उठून तो प्रत्येक राहुटीपुढची चूल पेटवी. पण सगळ्या एकदम नाही. काही लवकर, काही उशिरा, एखादी ओल्या लाकडांनी नुसती धुमसणारी, कारण प्रत्येक ओळीत एक तरी आळशी असतोच. दोऱ्यांवर कपडे वाळत घाली. हे कपडे छावणीभरचे. सगळे आपापले मळके सदरे त्याच्याकडे आणून टाकत, तो धुऊन वाळवून परत करी, आणि तटावरून बघणाऱ्याला रोज वेगळे कपडे दिसत. राहुट्यांमधून जाणाऱ्या वाटांवर तो मुद्दाम येरझाऱ्या घाली, गवत उगवू नये म्हणून. रिकामी राहुटी आधी गवताने ओळखू येते, असं तो म्हणे.

हे झालं दिसण्यापुरतं. पण माणसं राहतात तिथे आवाज येतोच. वाऱ्याची दिशा धरून आवाज तटापर्यंत जाई, म्हणून मावशी बोलू लागला. सुरुवातीला नुसत्या हाका. मग हाकांना उत्तरं, आवाज बदलून. मग माणसंच तयार झाली. पहिल्या राहुटीत एक ‘जावईबापू’ राहू लागले, जे कधी कशाला हात लावत नसत. “उठा जावईबापू, सूर्य तोंडावर आला. की अंथरुणातच पाय चेपून देऊ?” चौथ्या राहुटीत ‘नवरदेव’ होता, त्याचा सगळा वेळ भांग पाडण्यात जाई आणि फणी नेहमी दुसऱ्याची. शेवटच्या राहुटीत ‘वकील’, जाड आवाजाचा, प्रत्येक गोष्टीत तक्रार. “हे कढण आहे की भांडी धुतलेलं पाणी?” असं वकील गुरगुरे, आणि मावशी आपल्या आवाजात त्याला झापे, “आवडत नसेल तर हॉटेलात जा.” ओढ्याअलीकडची माणसं काम टाकून ऐकत उभी राहत. आचारी म्हणे, “आज वकील जरा ढिला वाटला रे. बरं नाही का त्याला?”

छावणीत सगळ्यांना सगळं ठाऊक असतं. फक्त ज्याला सांगायला हवं त्याला कोणी सांगत नाही. ओळ रिकामी आहे हे न्हाव्यापासून तोफवाल्यापर्यंत सर्वांना माहीत होतं. ओळीच्या नावाने येणारा शिधा छावणीत वाटून खाल्ला जाई, त्यामुळे कोणाचीच तक्रार नव्हती. मग जुन्या साहेबांना ताप भरला. शुद्ध हरपलेल्या अवस्थेतच त्यांना गाडीत घालून दूरच्या इस्पितळात नेलं, आणि त्यांच्या जागी नवे साहेब आले. नव्या साहेबांना ओळीबद्दल कोणी काही सांगितलं नाही, कारण त्यांनी काही विचारलं नाही.

साहेब माणूस वाईट नव्हता. तरुण, सडसडीत, सतत चष्मा पुसणारा. पहिल्याच दिवशी त्यांच्या कानावर मावशीचं नाव पडलं आणि त्यांनी हवालदाराला बाजूला घेतलं. “छावणीत बाई ठेवायची परवानगी कोणी दिली?” हवालदार पोट धरून हसला असता, पण साहेबांसमोर हसायची सोय नव्हती. त्याने मावशीला उभं केलं. साहेबांनी त्या मिशांकडे बघितलं, चष्मा पुसला आणि पुन्हा बघितलं. “ठीक आहे,” ते म्हणाले.

मग एका संध्याकाळी साहेब एकटेच ओढ्याकाठी फिरायला गेले. पलीकडे धुराच्या आडून आवाज येत होते. मावशी त्या दिवशी रंगात होता. धाकट्याची बरेच दिवस खबर नव्हती. मनात काही साचलं की ते तो वकिलाच्या तोंडून बाहेर काढी. आणि जाड आवाजातला वकील ओरडत होता, “बसून बसून गंज चढला अंगाला. ते बिचारे पुढे चिखलात कुजतायत आणि आम्ही इथे माश्या मारतोय. आम्हाला कधी पाठवणार पुढे?” जावईबापूसुद्धा म्हणाले, “मीही जाईन.” नवरदेव म्हणाला, “चला, मी फणी घेतो.”

दुसऱ्या दिवशी सकाळी हुकूम निघाला: पुढच्या चरातली तुकडी मागे येईल आणि तिची जागा ओळीतले शिपाई घेतील.

हवालदार तो हुकूम घेऊन आला तेव्हा मावशी दोरीवर सदरे टाकत होता. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि हातातला ओला सदरा तसाच धरून उभा राहिला.

“चरात निरोप गेला?” त्याने विचारलं.

“गेला. नाचतायत म्हणे तिथे, पाण्यात उभे राहून.”

“धाकट्याला कळलं?”

“सगळ्यांना कळलं. आता तू सांग, कोणाला पाठवतोस? जावयाला की नवरदेवाला?”

हवालदार खाली बसला. तो जुना, मुरलेला माणूस. नोकरीची शेवटची वर्षं गोडीगुलाबीने काढायची हेच त्याचं धोरण. “हे बघ,” तो म्हणाला, “खरं सांगायला गेलो तर दोघांच्या अंगाशी येईल. शिधा बंद होईल तो वेगळाच. मी सांगतो की ओळीत ताप आलाय. मग साहेब कोणाला हलवणार नाहीत.”

“आणि चरातले?”

“ते काय, थांबलेच आहेत इतके दिवस.”

“माझा भाऊ आहे तिथे.”

“म्हणून तर सांगतो. तुला फटक्यांची शिक्षा झाली तर त्याचं कोण बघणार?”

मावशीला ते पटलं असं नाही, पण भीती फार होती. शिक्षेची होती, आणि एक आणखी होती जी तो कोणाला बोलून दाखवत नसे. ओळ मोडली तर त्यालाही पुढे जावं लागेल. दुसऱ्यांच्या मोज्यांची एवढी काळजी करणारा हा माणूस गोळ्याचा आवाज झाला की अजून दचकायचा. त्याने मान हलवली. ओळीत ताप आला.

साहेबांनी ताबडतोब डॉक्टर पाठवला. डॉक्टर ओढा ओलांडून आला, पहिल्या राहुटीत डोकावला, दुसऱ्या राहुटीत डोकावला, मग सावकाश मावशीकडे वळला. हा डॉक्टर छावणीत सुरुवातीपासूनचा. “रोगी बरे शांत आहेत,” तो म्हणाला. “होय,” मावशी म्हणाला. “औषध कडू आहे. घेतील ना?” “कुरकुर करतील.” डॉक्टरने औषधाच्या बाटल्या ठेवल्या आणि साहेबांना जाऊन सांगितलं की ओळीची अवस्था हलण्यासारखी नाही. ते एका परीने खरंच होतं.

चरातली बदली पुढे ढकलली गेली.

चरात जेवण पोचवायचं काम आचाऱ्याकडे होतं. वाकून, कढणाचा डबा पाठीला बांधून तो रोज जायचा आणि परत येताना मावशीसाठी खबर आणायचा. त्या दिवशी तो परत आला तो ओळीकडे वळलाच नाही. मावशी ओढ्यापाशी त्याची वाट बघत उभा होता. शेवटी तोच स्वयंपाकाच्या राहुटीत गेला. आचारी पातेलं घासत होता, आणि मान वर करत नव्हता.

“काय झालं?”

“काही नाही.”

“जेवला का तो?”

“थोडं.”

“थोडं म्हणजे किती? निम्मं की नुसतं चमचा बुडवून ठेवला?”

आचाऱ्याने पातेलं खाली ठेवलं. “मावशी, बदली येणार नाही हे मी त्यांना सांगितलं. बाकीच्यांनी शिव्या दिल्या, मला, साहेबांना, तापाला. तुझा भाऊ काही बोलला नाही. तो खोकत होता. बोलायला गेला की खोकतो. मग म्हणाला, दादाला सांगू नकोस.”

“काय सांगू नकोस?”

“तेच. खोकल्याचं.”

तापात धाकटा कधी रडायचा नाही. भिंतीकडे तोंड करून गप्प पडायचा. तो बोलत असला तर घाबरायचं कारण नाही आणि गप्प झाला की डॉक्टरकडे धावायचं, हे मावशी लहानपणापासून शिकला होता. त्याने आचाऱ्याच्या राहुटीतल्या बादलीत हात धुतले, सदऱ्याची बटणं नीट लावली.

“कुठे निघालास?” आचारी म्हणाला.

“साहेबांकडे.”

“हवालदाराला विचारलंस?”

“हवालदाराचा भाऊ नाही तिथे.”

साहेब नकाशापुढे बसले होते. मावशीने सलाम केला आणि घसा खाकरला. “साहेब, ओळीत ताप नाही,” तो म्हणाला.

“उतरला? छान झालं.”

“उतरायला कोणी नाही साहेब. ओळ रिकामी आहे.”

साहेबांनी हे ऐकलं, पण त्यांचा विश्वास बसेना. त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. चूल पाहिली होती, धूर पाहिला होता, वाळत घातलेले कपडे पाहिले होते. ते उठले. “चल, दाखव.”

दोघे ओढा ओलांडून गेले. मावशी पुढे होऊन एकेका राहुटीचा पडदा वर करी. आत बिछाना, त्यावर निजल्यासारखा खळगा, खुंटीवर टोपी, मेजावर अर्धा पेला. साहेब पाहुण्यासारखे प्रत्येक दाराशी थांबत.

“हा बिछाना कोणाचा?”

“जावईबापूंचा, साहेब.”

“ते कुठे आहेत?”

“ते नाहीतच.”

पुढच्या राहुटीत साहेबांनी फणी उचलून पाहिली आणि जपून जागेवर ठेवली. शेवटच्या राहुटीपाशी त्यांनी विचारलं, “गंज चढला म्हणणारा तो कोण होता?”

“मीच, साहेब.”

“तो नव्हे. जाड आवाजाचा.”

मावशीने खाली मान घालून, जाड आवाजात, अंगाला गंज चढल्याचं पुन्हा एकदा म्हणून दाखवलं. साहेब वकिलाच्या बिछान्यावर बसले. त्यांनी चष्मा काढला.

“मी वरच्यांना कळवलंय,” ते म्हणाले, “की ओळीतल्या शिपायांची लढायची उमेद वाखाणण्यासारखी आहे.”

दूर कुठेतरी तोफ झाली आणि मावशी दचकला. साहेबांनी ते पाहिलं.

“मला हे आजच का सांगितलंस? अजून महिनाभर ताप चालला असता.”

“माझा धाकटा भाऊ चरात आहे, साहेब. त्याला खोकला झालाय. त्याला सोडवायला खरी माणसं हवीत, आणि ती इथे आहेत असं तुम्हाला वाटत होतं. ती इथे नाहीत हे कळल्याशिवाय तुम्ही दुसरीकडे बघणार नाही. शिक्षा द्यायची ती द्या.”

“दुसरीकडे बघितलं तरी माणसं कुठून आणू? जी आहेत ती तोफांवर आहेत, बाकीची आजारी.” साहेब बोलता बोलता थांबले. त्यांनी खळगा पडलेल्या बिछान्यावरून हात फिरवला. मग अगदी हळू, स्वतःशीच हिशेब जुळवल्यासारखे म्हणाले, “चर भरलेला वाटायला किती माणसं लागतील?”

“वाटायला, की असायला?”

“वाटायला.”

“ऐकू यायला मी एकटा पुरेन. दिसायला आणखी दोन-तीन, टोप्या फिरवायला. पण त्यांनी खरंच हल्ला केला तर…”

“त्याची काळजी मी करतो. तोफा त्या तोंडावर वळवून ठेवतो. आणि चरातली तुकडी दूर जाणार नाही, इथेच ओळीत येईल. धावत यायला जवळ आहे. पण तुला पुढे जावं लागेल. आधी तूच.”

हीच गोष्ट इतके महिने मावशी मनाच्या कोपऱ्यात झाकून ठेवत आला होता, आणि आता ती समोर येऊन बसली होती. “होय साहेब,” तो म्हणाला. आवाज त्याला हवा तेवढा खणखणीत आला नाही. वकिलाच्या आवाजात म्हणायला हवं होतं, असं त्याला नंतर वाटलं.

शिक्षा झाली नाही, पण हवालदाराने दिवसभर त्याच्याशी अबोला धरला. संध्याकाळी तोच येऊन बसला. “गेलास ना शहाणपणा करायला? आता बस चरात जाऊन.” आणि मग स्वतःचा लोकरीचा गळपट्टा काढून त्याच्या अंगावर टाकला. “परत आणून दे. हरवलास तर बघ.”

मावशीने तो दिवस बिछाने घालण्यात घालवला. इतके दिवस त्याने तिथे नुसते खळगे पाडले होते. आता त्याने कोरडं गवत आणून खाली जाड थर दिला, घोंगड्या उन्हात टाकल्या, पहिल्या राहुटीत धाकट्यासाठी दोन जास्त ठेवल्या. जावईबापूंची टोपी खुंटीवरून काढून पेटीत ठेवली, जागा अडू नये म्हणून.

सकाळी दाट धुकं पडलं तेव्हा साहेबांनी इशारा केला. मावशी आणि तोफखान्यातले दोन बहिरट गडी वाकून पुढे निघाले. चराकडे जाणारी खणलेली वाट इतकी अरुंद की समोरून कोणी आला तर एकाने मातीला पाठ लावून उभं राहावं. समोरून तुकडी येत होती; एकेक माणूस चिखलाने असा लडबडलेला की ओळख पटू नये. मावशी प्रत्येकाला वाट देत होता आणि प्रत्येकाच्या तोंडाकडे निरखून बघत होता. धाकटा जवळजवळ शेवटी आला. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. त्याने वर बघितलं आणि तो थांबला.

“तू इथे कशाला?”

“तुझी खोली आवरायला.”

“दादा, तू नको जाऊ पुढे. तुला दिवाळीचा फटाकासुद्धा सहन होत नाही.”

“होईल मला सवय. तू चालू लाग. मागे माणसं खोळंबलीयत.”

“मी थांबतो तुझ्याबरोबर.”

“थांबून काय करशील, खोकशील? तटावरचे म्हणतील, इथे नुसते म्हातारेच ठेवलेत.” मावशीने हवालदाराचा गळपट्टा काढून त्याच्या गळ्याभोवती दोनदा गुंडाळला आणि टोक सदऱ्यात खोचलं. “पहिली राहुटी. ओढ्याकडून पहिली, तटाकडून नव्हे. घोंगड्या चार आहेत, चारही घे. आचारी गरम देईल ते पी, मग झोप. आणि मोजे काढून झोप.”

धाकट्याने काही म्हणायला तोंड उघडलं, त्याला खोकला आला, आणि मागच्या माणसाने त्याला हळूच पुढे ढकललं. तो गेला. मावशी त्याच्या पाठीकडे बघत राहिला, पण धुक्यात चार पावलांनंतर काही दिसण्यासारखं नव्हतं.

चरात तो पहिल्यांदा उतरला तेव्हा थंड पाणी बुटात शिरलं आणि त्याला एकदम सगळं समजलं, म्हणजे आचारी जे सांगत नसे तेही. त्याने कडेने फिरून बघितलं. भिंतीत कोरलेले कोनाडे, एका कोनाड्यात विझलेली मेणबत्ती, मातीवर नखाने काढलेली एक बोट. धुकं विरत आलं तसं तोफखान्यातल्या गड्यांनी काठ्यांवरच्या टोप्या इकडून तिकडे न्यायला सुरुवात केली. तटावरून एक गोळी येऊन मातीत रुतली. मावशी खाली बसला. मग तो चराच्या लांबीभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, “उठा जावईबापू. पाय ओले झाले की हो तुमचे.”

दुपारी आचारी डबा पाठीला बांधून आला. मावशीने डबा घ्यायच्या आधीच विचारलं, “काय करतोय?”

“झोपलाय.”

“जेवून झोपला की तसाच?”

“कढण प्यायला. पाव हातात धरूनच झोपला. मी काढून घ्यायला गेलो तर जागा झाला आणि शिव्या दिल्या.”

“काय शिव्या दिल्या?”

आचाऱ्याने जरा आढेवेढे घेतले, पण सांगितल्या. मावशीने लक्ष देऊन ऐकल्या. लांबलचक होत्या, मध्ये खोकला असूनही शेवटपर्यंत नेलेल्या.

“मग पाव?”

“ठेवला त्याच्या हातातच.”

“बरं केलंस,” मावशी म्हणाला, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच डब्याचं झाकण काढून जेवायला बसला.